‘बॉडी लँग्वेज’ची जात कोणती?

‘मार्क चांगले आहेत, पण पर्सनॅलिटी कमी पडली.’ मुलाखतीहून परत आलेल्या आमच्या पोरापोरींना हे वाक्य आता पाठ झालंय. अंबड असो, घनसावंगी असो, भोकरदन असो की मंठा, निरोप एकच. कमी पडली म्हणजे नेमकं काय कमी पडलं, असं खोदून विचारलं की उत्तरं येतात : नजर मिळवत नाही. खांदे पाडून बसतो. आवाज दबका आहे. हसत नाही. खुर्चीच्या कडेवर बसतो. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नाही. आता हिशोबनिसाने हिशोब नीट ठेवावा, मशीन चालवणाऱ्याने मशीन नीट चालवावी. तो खुर्चीच्या मधोमध बसतो की कडेवर, याने ताळेबंदात एका रुपयाचा फरक पडत नाही. आणि गंमत पाहा, जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीसमोर उभं राहणाऱ्याला कुणीही ‘आय कॉन्टॅक्ट’ विचारत नाही. तो विचारला जातो काचेच्या आतल्या खुर्चीसाठी.

आमचं म्हणणं आडपडदा न ठेवता मांडतो. देहबोलीवरून माणसाचं ‘व्यक्तिमत्त्व’ ओळखण्याचं जे काम मुलाखतीच्या खोलीत चालतं, ते बऱ्याच अंशी समोरच्याचं घराणं आणि जात ओळखण्याचं काम आहे; फरक एवढाच की त्यासाठी आडनाव विचारावं लागत नाही. आणि हेच काम आता संगणकाकडे जाऊ लागलंय म्हणून ते निःपक्ष होत नाही. उलट, ज्याच्याकडे बोट दाखवावं असा माणूसच समोर उरत नाही.

खांदे पडतात कशामुळे, याचा विचार करा. गावगाड्यात आपल्या आज्या-पणज्यांना शरीर कसं वागवायचं याचं शिक्षण पिढ्यान्पिढ्या दिलं गेलं. चावडीसमोरून जाताना चप्पल हातात. पाटलापुढे अंतर राखून उभं राहायचं. बोलायच्या आधी कमरेत वाकून जोहार घालायचा. नजर खाली ठेवणं म्हणजे अदब, नजर वर करणं म्हणजे माज. ज्या पोराने सरळ डोळ्यांत पाहिलं त्याला ‘लई शेफारलंय’ म्हणून झोडपलं जायचं, आणि घरातलेच त्याला समजवायचे की बाबा, खाली बघून चालत जा, जीव तर वाचेल. म्हणजे खाली पाहणं हे आपल्या माणसांच्या मनाच्या दुबळेपणाचं लक्षण कधीच नव्हतं. ते जिवंत राहण्याचं कसब होतं. आज्याला नजर वर केली म्हणून मार बसला आणि नातवाला तीच नजर खाली राहिली म्हणून नोकरी नाही. दोन्ही वेळा निकाल देणारे कोण होते, हे सांगायची गरज आहे का?

बाबासाहेबांना आणि त्यांच्या काळातल्या कार्यकर्त्यांना हे नेमकं ठाऊक होतं. म्हणून तर जोहार गेला आणि ‘जय भीम’ आला. बाबू हरदास यांनी कामठी-नागपूरकडे ‘जय भीम’ रुजवला, तेव्हा बदलला तो केवळ शब्द नव्हता. जोहार वाकून घालायचा असतो. जय भीम वाकून म्हणताच येत नाही, करून बघा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं की अस्पृश्यतेची ओळख पटवणारी लुगडी नेसण्याची पद्धत आणि ते दागिने टाकून द्या. अंगावरच्या खुणा वाचूनच जात चालते, हे त्यांना कुठल्याही मानसशास्त्रज्ञाआधी कळलेलं होतं.

या खुणा वाचण्याची विद्या किती पोकळ आहे, याचा सर्वांत चांगला पुरावाही बाबासाहेबांनीच लिहून ठेवलाय. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधला १९०१ सालचा मसूर स्टेशनचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, पण या प्रश्नाच्या अंगाने तो पुन्हा वाचा. लहानगा भीमराव, भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघालेले. अंगावर चांगले कपडे, बोलणं नीटनेटकं. स्टेशनमास्तरने पोरांकडे पाहिलं आणि मनात ठरवून टाकलं की ही ब्राह्मणांची मुलं. तो आपुलकीने विचारपूस करू लागला. मग भीमरावाने जात सांगितली आणि मास्तरचा चेहरा क्षणात पालटला. पोरं तीच होती, कपडे तेच, बसण्याची ढब तीच. आधी जे ‘सुसंस्कृत’ दिसत होतं ते एका शब्दासरशी दिसेनासं झालं. मास्तरने पोरांच्या देहबोलीवरून त्यांचा दर्जा ओळखला नव्हता. दर्जा आधी गृहीत धरून त्याने देहबोली वाचली होती. मुलाखतीच्या खोलीत आजही हाच मास्तर बसलेला असतो.

‘पण यामागे शास्त्र आहे’ असं कुणी म्हणेल. आहे ना. ते काय म्हणतं ते मात्र पूर्ण ऐकायला हवं, कारण पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे क्लासवाले त्यातलं अर्धंच सांगतात. अमेरिकेत विलिस आणि टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये दाखवलं की अनोळखी चेहरा सेकंदाचा फक्त दहावा भाग दाखवला तरी माणसं तो विश्वासू आहे की नाही, कर्तबगार आहे की नाही याचं मत बनवून मोकळी होतात. वेळ वाढवला तर मत फारसं बदलत नाही, फक्त त्या मताबद्दलची खात्री वाढते. मूळच्या केरळच्या नलिनी अंबाडी आणि रोझेंथल यांनी १९९३ मध्ये शिक्षकांच्या आवाज बंद केलेल्या, अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या. त्या लोकांनी दिलेले गुण आणि सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांनी त्या शिक्षकांना दिलेले गुण बरेच जुळले. क्लासवाले हा प्रयोग मोठ्या थाटात सांगतात : बघा, तीस सेकंदांत माणूस कळतो! अहो, पण जुळलं काय? एका गटाचं मत दुसऱ्या गटाच्या मताशी जुळलं. शिक्षक विषय किती चांगला शिकवतो, हे त्यात मोजलेलंच नव्हतं.

मत जुळणं आणि मत खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे सगळी ग्यानबाची मेख आहे. एगॉन ब्रुन्सविक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे कोडं भिंगाच्या रूपकातून मांडलं होतं. भिंगाच्या एका बाजूला माणसाचा खरा स्वभाव, दुसऱ्या बाजूला पाहणाऱ्याचं मत, आणि मध्ये खुणा : हसणं, नजर, आवाज, हातवारे. खुणेवरून मत बनतं ही एक कडी. खूण खरोखर स्वभावातून आली आहे का, ही दुसरी कडी. पहिली कडी घट्ट असली म्हणजे दुसरीही घट्ट असेल असं नाही. माणूस बडबड्या, लोकांत मिसळणारा आहे का, हे बाहेरून थोडंफार ओळखता येतं, कारण तो गुणच बाहेर दिसणारा आहे. पण प्रामाणिकपणा, चिकाटी, शब्दाला जागणं हे खांद्यांच्या कोनात कुठे दिसणार?

जालन्याच्या मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलेल्याला हे चटकन कळेल. व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो, एखादा दाताखाली धरतो आणि म्हणतो, ‘ओल आहे.’ शेतकऱ्याला पटलं नाही तर ओलावा मोजायचं मीटर आहे. हमीभावाच्या खरेदीला सरकारने बारा टक्क्यांची मर्यादा ठरवून दिली आहे, आकडा समोर दिसतो, त्यावर भांडता येतं. आता कल्पना करा की मीटरच नाही, आणि दहा व्यापाऱ्यांनी ‘ओल आहे’ म्हटलं म्हणजे ओल आहेच असं मानायचं. त्यावर आणखी कळस म्हणजे त्या दहा व्यापाऱ्यांची मतं भरून एक यंत्र बनवायचं आणि शेतकऱ्याला सांगायचं, ‘हे बघ, आता मशीनच सांगतंय.’ व्यक्तिमत्त्व ओळखणारी बरीचशी यंत्रं याच पद्धतीने तयार झाली आहेत.

हे आम्ही हवेत बोलत नाही. २०१६ मध्ये ‘चालर्न’ नावाच्या संशोधक गटाने या कामासाठी मोठी स्पर्धा घेतली. त्यासाठी यूट्यूबवरच्या व्हिडिओंमधून साधारण पंधरा-पंधरा सेकंदांचे दहा हजार तुकडे कापले. इंटरनेटवर पैसे घेऊन किरकोळ कामं करणाऱ्या लोकांना दोन-दोन तुकडे शेजारी दाखवून विचारलं : यातला मनमिळाऊ कोण? शिस्तीचा कोण? मुलाखतीला कुणाला बोलवाल? त्यांनी टिचक्या मारल्या, त्या टिचक्यांचे गुण झाले, आणि संगणकाला ते गुण ‘ओळखायला’ शिकवलं. व्हिडिओतल्या माणसाचा खरा स्वभाव कसा आहे हे त्याला, त्याच्या बायकोला, त्याच्या सहकाऱ्यांना कुणीही विचारलं नाही. संगणक स्वभाव शिकलाच नाही. पंधरा सेकंदांत अनोळखी माणसाबद्दल लोक काय ग्रह करून घेतात ते शिकला. पुढे संशोधकांनीच ही माहिती तपासली तेव्हा गोऱ्यांच्या बाजूने आणि काळ्यांच्या विरोधात कल सापडला. मराठीत याला पूर्वग्रह म्हणतात. इंग्रजीत तो ‘फर्स्ट इम्प्रेशन’ या नावाने विकला जातो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये जर्मनीतल्या बायरिशर रुंडफुंक या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी अशाच एका मुलाखत-सॉफ्टवेअरची परीक्षा घेतली. उमेदवाराने चष्मा घातला, गुण बदलले. डोक्याला रुमाल बांधला, गुण बदलले. तोच व्हिडिओ, त्यात फक्त मागच्या भिंतीवर पुस्तकांचं कपाट किंवा चित्र चढवलं, तरी गुण बदलले. भिंतीवर काय आहे यावरून माणूस शिस्तीचा की बेशिस्त ठरतो!

हे वाचताना आम्हाला घनसावंगी तालुक्यातला एक मुलगा आठवला. पुण्याच्या एका कंपनीने त्याला मोबाइलवर व्हिडिओ मुलाखत द्यायला सांगितली होती. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचार करायला काही सेकंद मिळतात, मग कॅमेऱ्याकडे बघून उत्तर द्यायचं. समोर माणूस नाही. त्याच्या घरात एकच भिंत अशी होती जिथे उजेड बरा पडतो, आणि त्या भिंतीवर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. त्याने आम्हाला फोन करून विचारलं, ‘दादा, फोटो काढून ठेवू का?’ त्याचा व्हिडिओ पुढे माणसाने पाहिला की सॉफ्टवेअरने, हे त्या मुलाला कुणी सांगितलं नाही, आणि आमच्या पुऱ्या आक्षेपाचा गाभा तोच आहे. मात्र त्याचा प्रश्न भाबडा नव्हता. म्युनिकच्या पत्रकारांनी प्रयोग करून जे शोधलं, ते या पोराला पत्र्याच्या घरात बसून आधीच कळलेलं होतं : भिंतही गुण खाते.

आता कुणी म्हणेल, यंत्राला जात कुठे कळते? त्याच्याकडे जातीचा रकाना नाही. बरोबर, रकाना नाही. पण बोलण्याचा वेग आहे, दोन शब्दांमधली विश्रांती आहे, आवाजाचा चढउतार आहे, ओठांची हालचाल आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला मुलगा इंग्रजी प्रश्नाचं उत्तर मनात मराठीत जुळवतो, मग इंग्रजीत आणतो. त्यात दोन सेकंद जातात. ती दोन सेकंदं मोजपट्टीवर ‘आत्मविश्वासाचा अभाव’ म्हणून उमटू शकतात. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलाला ती लागत नाहीत, आणि त्याला काही माहीत नसलं तरी तो अस्खलितपणे माहीत नसतो. शिवाय कोणाच्या बापजाद्यांना कॉन्व्हेंट परवडलं आणि कोणाच्या नाही, हा हिशोब जातीला सोडून होतो का? मराठवाड्यातल्या माणसाला ‘न’ आणि ‘ण’वरून पुण्यात काय ऐकावं लागतं ते वेगळं सांगायला नको. अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी बाजारातली सॉफ्टवेअरं तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्या आत, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत चौतीस टक्क्यांपर्यंत. समोर बाई आहे की पुरुष, एवढंही ज्यांना आपल्या रंगाच्या माणसांत धड कळलं नाही, त्यांच्या जातकुळीतल्या यंत्रांनी आपल्या पोरीच्या चेहऱ्यावरून तिचा स्वभाव सांगायचा!

दुसरा युक्तिवाद जास्त चलाख आहे. माणूस पक्षपाती असतो हे तुम्हीच म्हणता, मग यंत्र निदान सगळ्यांना एकच मोजपट्टी लावतं ना? माणूस पक्षपाती असतो हे आम्ही म्हणतोच. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासात पात्रता तीच ठेवून अर्जावरची नावं बदलली, तर दलित नावांना बोलावणी कमी आली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या बड्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना गाठलं. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो, जात बघत नाही, असं सांगणारे हेच अधिकारी मुलाखतीत ‘फॅमिली बॅकग्राउंड’ मात्र आवर्जून विचारत होते. तेव्हा माणसाची बाजू घेऊन आम्ही भांडत नाही. पण दहा कंपन्यांत दहा माणसं असतात. एखाद्याची आई शेतमजूर असते, एखाद्याने स्वतः वसतिगृहात दिवस काढलेले असतात, एखादा त्या दिवशी खुशीत असतो. एकाने नाकारलं तर दुसऱ्या दारी आशा असते. दहाही कंपन्यांनी एकच सॉफ्टवेअर विकत घेतलं की दहाही दारांवर एकच मास्तर उभा राहतो. मोजपट्टी सगळ्यांना एकच आहे म्हणजे ती सरळ आहे, असं कुठे ठरलं? मनुस्मृतीही सगळ्या गावांना एकच होती.

शरीर मोजून माणसाची किंमत ठरवण्याचा हा काही पहिला प्रयोग नाही. हर्बर्ट रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी नाकं मोजत फिरला आणि नाक जितकं रुंद तितका सामाजिक दर्जा खालचा, असा सिद्धांत मांडला. तोच पुढे १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख होता. सरकारी शिक्का, आकडे, तक्ते, सगळं होतं. बाबासाहेबांनी काय केलं? १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी तीच नाकांची मापं घेतली, प्रांतवार शेजारी मांडली आणि दाखवून दिलं की या मापांवर विश्वास ठेवायचा तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे निघतात. त्यांनी मोजण्याला शिव्या दिल्या नाहीत; आकडे मागितले आणि आकड्यांनीच सिद्धांत पाडला. आज सॉफ्टवेअरपुढे हात जोडणाऱ्या आपल्या तरुणांनी ते प्रकरण काढून वाचावं. गुन्हेगार जमाती कायद्याची १८७१ पासूनची कहाणी तर याहून वाईट. जन्मावरून स्वभाव ठरवला, हजेरीला लावलं, तारेच्या कुंपणात टाकलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण आपल्या जिल्ह्यात पारधी माणूस परक्या गावात नुसता उभा राहिला तरी त्याच्या उभं राहण्यातच लोकांना संशय दिसतो.

यंत्राने शरीर वाचण्याचा एक वाद महाराष्ट्रातच घडलेला आहे. पुण्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये एका खून खटल्यात मेंदूतल्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेऊन आरोपीला दोषी धरलं आणि जगभर चर्चा झाली. पुढे ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय कुणावरही लादता येणार नाहीत. संविधानाचं कलम २०(३) आड येतं. म्हणजे खुनाच्या आरोपीला विचारल्याशिवाय त्याच्या शरीराची साक्ष काढता येत नाही. नोकरी मागणाऱ्याला मात्र येते. त्याची संमती म्हणजे इंग्रजीतल्या लांबलचक मजकुराखालची ‘आय ॲग्री’वरची टिचकी. ती मारली नाही तर मुलाखतच पुढे जात नाही. पोटाला चिमटा असलेल्याची संमती ही संमती नव्हे.

तोंडी परीक्षेबद्दलही न्यायालयं बोललेली आहेत, फक्त आपण ते वापरत नाही. श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लेखीला १०० आणि तोंडीला ५० गुण होते आणि मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली जात होती. अजय हासिया खटल्यात (१९८१) सर्वोच्च न्यायालयाने हे मनमानी ठरवलं, तोंडीचं वजन एकूण गुणांच्या पंधरा टक्क्यांवर नको म्हटलं आणि मुलाखती टेप करून ठेवाव्यात असंही सुचवलं. केंद्र सरकारने तर १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. आणि आपल्याकडे? राज्यसेवा मुख्य परीक्षेला आधी लेखी ८०० आणि मुलाखत १०० होती, म्हणजे एकूण गुणांच्या साधारण ११ टक्के. यूपीएससीच्या धर्तीवरच्या नव्या पॅटर्नमध्ये लेखी १७५०, मुलाखत २७५, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या वर. वर्णनात्मक पेपरवरून केवढी आंदोलनं झाली, पण मुलाखतीचं वजन वाढलं यावर मोर्चात घोषणा ऐकल्याचं आम्हाला आठवत नाही. यूपीएससी तर या टप्प्याला सरळ ‘पर्सनॅलिटी टेस्ट’च म्हणते.

आता आपल्याच माणसांचा आक्षेप. ‘रडत बसण्यापेक्षा पोरांना तयार करा. बाबासाहेब सुटाबुटात राहायचे ते कशासाठी?’ हे आम्हाला विहारातही ऐकायला मिळतं. पोरांना तयार आम्हीही करतो. हात कसा मिळवायचा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर कसा ठेवायचा हे शिकवण्यात कमीपणा नाही. भाकरीचा प्रश्न आहे. पण महाडच्या स्त्रियांनी लुगडं बदललं ते कुणाला पसंत पडावं म्हणून नव्हे. त्यांनी खूण पुसली आणि ती वाचणाऱ्यांचा संताप ओढवून घेतला. बाबासाहेबांच्या सुटाने सनातन्यांना बरं वाटलं नाही, झोंबलं. क्लासमध्ये फी भरून जे शिकवतात ते नेमकं उलटं आहे : वाचणारा बरोबर, त्याची लिपी बरोबर, चूक तुझ्या अंगात. असं शिकलेला पोरगा नोकरीला लागला तरी आपल्या आईची बसण्याची पद्धत बघून लाजतो. चळवळीतही हा रोग शिरलाय. स्टेजवर माइक हलवून बोलतो त्याच्यात ‘नेतृत्वगुण’, आणि जातपडताळणीची कागदपत्रं घेऊन शांतपणे वर्षभर खेटे घालणारी बाई ‘चांगली आहे, पण बोलत नाही’.

माणूस ओळखायचा कसा, यावर तथागतांनी फार व्यवहारी उत्तर दिलेलं आहे. संयुत्तनिकायातल्या कोसल संयुत्तात जटिलांचं सुत्त आहे. राजा पसेनदी श्रावस्तीत भगवंतांजवळ बसलेला असताना जटाधारी, निगंठ, परिव्राजक असे तपस्वी समोरून गेले. राजाने उठून हात जोडले आणि म्हणाला की जगातल्या अर्हतांपैकी हे असावेत. भगवंतांनी सांगितलं, महाराज, हे असं पाहून कळत नसतं. सहवासाने शील कळतं, व्यवहारातून सचोटी कळते, संकटात धीर कळतो, चर्चेतून प्रज्ञा कळते. आणि तेही दीर्घकाळाने, लक्ष देणाऱ्याला, थोड्या वेळात नाही. मग राजानेच कबूल केलं की ते तपस्वी नव्हतेच, त्याचेच हेर होते. आता घरी जाऊन जटा-धूळ धुऊन मौजमजा करणार होते. देहबोलीची तालीम घेतलेला माणूस पंधरा सेकंद काय, पंधरा दिवसही फसवू शकतो, हे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजाला माहीत होतं. वासेट्ठ सुत्तात तर भगवंत म्हणतात की गवत, किडे, पक्षी, चतुष्पाद यांच्यात जन्माच्या खुणा वेगवेगळ्या असतात. माणसांच्या डोळ्यांत, नाकात, ओठांत, आवाजात तशी जातीची खूण नाही.

बाहेरच्या जगात यावर पावलं पडू लागली आहेत. हायरव्ह्यू या मुलाखत-सॉफ्टवेअरच्या मोठ्या अमेरिकी कंपनीने टीकेनंतर चेहऱ्याचं विश्लेषण सोडल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी शेकडो अभ्यास चाळून सांगितलं की चेहऱ्याच्या हालचालींवरून भावनासुद्धा खात्रीने ओळखता येत नाही. स्वभाव तर दूरच. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने भावना ओळखणारी सेवा मागे घेतली. युरोपीय संघाने कामाच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रांवर फेब्रुवारी २०२५ पासून, मोजके अपवाद सोडून, बंदी घातली. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, पण निव्वळ यंत्राने दिलेल्या निर्णयाला नकार देण्याचा जो हक्क युरोपातल्या माणसाला आहे, तो त्यात नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, आणि आता नकार देणारा माणूसही नाही.

म्हणून मागण्या नेमक्या करू या. राज्यसेवेच्या मुलाखतीचे प्रवर्गनिहाय आणि मंडळनिहाय सरासरी गुण दरवर्षी आयोगाने जाहीर करावेत. लेखीत जवळपास असलेल्या उमेदवारांत मुलाखतीने किती अंतर पाडलं ते सगळ्यांना दिसू दे. मुलाखतीचं चित्रीकरण जपून ठेवावं. खासगी कंपन्यांसाठी राज्याने नियम करावा की व्हिडिओ कोण पाहतो, माणूस की सॉफ्टवेअर, हे आधी मराठीत सांगितलं पाहिजे, आणि नकार दिला तर कारण कळवलं पाहिजे. मागासवर्गीयांच्या भरतीचे गोडवे गाणाऱ्या ज्या कंपन्या आपल्या कॉलेजांत कॅम्पससाठी येतात, त्यांना प्लेसमेंटच्या दिवशीच हे विचारा. त्या दिवशी त्यांना तुमची गरज असते.

आणि जो जो व्हिडिओ मुलाखत देईल त्याने ती झाल्यावर कंपनीला चार ओळींचा ईमेल जरूर टाकावा : माझी मुलाखत माणसाने तपासली का? सॉफ्टवेअरने तपासली असेल तर त्याचं नाव काय? मला कोणत्या गोष्टीचे किती गुण दिले? माझा व्हिडिओ तुम्ही किती दिवस ठेवणार? उत्तर आलं तरी आणि नाही आलं तरी ईमेलची प्रत, तारखेसह, आमच्याकडे पाठवा. नाव-गाव गुप्त राहील. जिल्ह्यातून अशी शंभर पत्रं जमली की कामगार आयुक्तांच्या कार्यालयात ती घेऊन आपण एकत्र जाऊ. घनसावंगीच्या मुलाने पहिली प्रत दिलेली आहे. फोटो त्याने काढला नव्हता.